वाजतोय की पंप

गाडी बंद पडली ती बरोबर एका गॅरेजच्या फाटकासमोर. यात माझं कर्तृत्व काही नाही. गाडी बावीस वर्षांची, बाबांची, आणि बाबांइतकीच हट्टी. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून दादा माझ्या मागे लागला होता, ‘भंगारात घाल ती.’ मी दाद देत नव्हते. आई रोज सकाळी खिडकीतून ती जागेवर आहे ना एवढं बघायची आणि मगच चहा ठेवायची. मला तेवढं कारण पुरेसं होतं.

शनिवारची दुपार. मी किल्ली फिरवतेय, इंजिन घुर्र घुर्र करतंय, मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमलेत... आणि खिडकीशी कुणीतरी वाकलं.

“बाई, बास करा. बॅटरीनं काय घोडं मारलंय तुमचं?”

कपाळावर ग्रीसचा डाग, हातात रिकामा कप, आणि डोळे असे, की मी मुकाट्यानं किल्ली सोडली.

“सेल्फ तर छान घेतेय,” तो म्हणाला, “पण पेटत नाही. आत ढकलू या. तुम्ही स्टिअरिंग धरा. माझ्या अंगावर घालू नका म्हणजे झालं.”

“तुम्ही मागून ढकलणार ना? मग अंगावर कशी घालेन?”

“तुमचा काय भरवसा,” असं म्हणत तो मागे गेलासुद्धा.

गॅरेज म्हणजे एक लांबट शेड. भिंतीवर पाने, पकडी ओळीनं टांगलेल्या, प्रत्येकीच्या मागं तिच्या आकाराची रंगाची रेघ, म्हणजे एखादी जागेवर नसली तर लगेच कळावं. फळीवर एक जुना रेडिओ बारीक आवाजात चालू. तो तिथं एकटाच काम करायचा. ज्यांच्या हाताखाली शिकला ते उस्ताद म्हातारपणी आपल्या गावी निघून गेले होते, शेड त्याच्यावर सोपवून.

“तीनच गोष्टी असतात,” बॉनेट उघडत तो म्हणाला. “ठिणगी, पेट्रोल आणि हवा. हवा येतेच. राहिल्या दोन. तुम्ही आत बसा. मी ‘मार’ म्हटलं की सेल्फ मारायचा, ‘बस’ म्हटलं की सोडायचा. जमेल?”

“बघते प्रयत्न करून. शिक्षण तसं बरंच झालंय माझं.”

बॉनेट वर केलं की त्याच्या बुडाशी, काचेच्या पुढे, वीतभर फट राहते. त्या फटीतून मला त्याचे फक्त हात दिसत होते. घाई नसलेले हात. एखादी वायर काढायच्या आधी तिला जरा हलवून बघणारे, जणू विचारून घेणारे. खरं सांगायचं तर मी आधी त्या हातांच्या प्रेमात पडले.

“मार... बस. निळी ठिणगी आली. दिसली?”

“मला इथून तुमचे हातच दिसतायत.”

हात क्षणभर थांबले. “बरं... कसे आहेत?”

“काळे.”

पलीकडून हसू आलं. चेहरा दिसत नव्हता, म्हणून मीही मनसोक्त हसून घेतलं.

मग तो मागच्या दाराशी आला. मागचं सीट उचललं, खाली एक गोल झाकण होतं. तिथं टाकीत पेट्रोलचा पंप असतो, त्यानं सांगितलं. किल्ली अर्धी फिरवली की तो वाजायला लागतो, बारीक, भुंग्यासारखा. त्यानं जाऊन रेडिओ बंद केला, सीटच्या जागी ओणवा झाला आणि झाकणाला कान लावला.

“किल्ली अर्धीच. हं.”

मी फिरवली. शेडमध्ये एकदम शांत झालं. त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान आलं, की मी वळून बघतच राहिले.

“वाजतोय की पंप,” तो म्हणाला. “ऐकलंत?”

मी काय काम करते ते इथं सांगायला हवं. मी एका इस्पितळात लोकांचे कान तपासते. आवाज आत येऊ न देणारी एक छोटी खोली असते, त्यात माणूस कानाला हेडफोन लावून बसतो, काचेच्या अलीकडून मी बटण दाबत बारीक-मोठे सूर सोडते आणि त्याला ऐकू आलं की तो बोट वर करतो. मग मी आलेख काढते. सांगायचा मुद्दा, ऐकणं हे माझं पोट भरायचं साधन आहे. आणि मला त्या झाकणाखालून काहीही ऐकू आलं नव्हतं.

“हो,” मी म्हणाले.

का म्हणाले? आठवडाभर मी लोकांना ‘तुम्हाला कमी ऐकू येतंय’ हेच सांगत असते. त्यांचे चेहरे पडताना बघते. त्या दुपारी मला कुणाचा चेहरा पडलेला बघायचा नव्हता, त्याचा तर मुळीच नाही. शिवाय वाटलं, मी पुढच्या सीटवर आहे, मला कुठून ऐकू येणार... माणूस स्वतःला पटवायला बसला की कारणांना तोटा नसतो.

“म्हणजे पंप चांगला आहे,” तो उठत म्हणाला. “तरी प्लग कोरडा आहे. पेट्रोल मधेच कुठंतरी अडतंय. शोधावं लागेल. गाडी ठेवून जा, पुढच्या शनिवारी या.”

मी पुढच्या शनिवारी गेले. जरा बरा ड्रेस घालून गेले, आणि आईनं तो बघून न बघितल्यासारखं केलं.

त्यानं फिल्टर बदलला होता. इंजिनाजवळचा पाइप उघडला, मी सेल्फ मारला, थेंबही आला नाही. मग तो गाडीखाली गेला आणि मी जवळच उकिडवी बसून त्याला हवं ते हत्यार देऊ लागले. चुकीचं दिलं की गाडीखालून नुसताच हात बाहेर यायचा आणि ते परत करायचा.

“तुम्ही करता काय, मॅडम?”

मी सांगितलं. मग तो पाठीवर घसरत बाहेर आला, डोळे चमकत होते.

“म्हणजे आपण दोघं एकाच धंद्यातले. मला इथं सगळे काय म्हणतात माहितीये? कानसेन. गाडी फाटकातून आत येईपर्यंत मी सांगतो काय बिघडलंय ते.”

“मग माझ्या गाडीचं का सांगत नाही?”

“ती बोलतच नाही ना. मालकिणीवर गेलीय.”

“मी बोलत नाही?”

“बोलता. पण कामाचं मधेच गाळता, असं वाटतं.”

हे तो चेष्टेत म्हणाला होता. तरी मी विषय बदलायला विचारलं, की पंपाचा जोर मोजायचं काही यंत्र नसतं का. असतं म्हणाला, गेज; ड्रॉवरमध्ये पडलंय. उस्तादांनी त्याला ते कधी वापरू दिलं नव्हतं. त्यांच्या हाताखाली शिकायचं म्हणजे डोळे बांधून इंजिन ऐकायचं आणि कोणता सिलिंडर आजारी आहे ते सांगायचं. यंत्र काढलं की उस्ताद दिवसभर बोलायचे नाहीत. त्यामुळे अजूनही ड्रॉवर उघडायला त्याला लाज वाटायची.

मी हे हसत ऐकून घेतलं, आणि निघताना तो म्हणाला, “ये पुढच्या शनिवारी.” ‘या’ नाही, ‘ये’. घरापर्यंत मी तो एकच शब्द तोंडात घोळवत गेले.

तिसऱ्या शनिवारी त्यानं टाकीपासून इंजिनापर्यंतची अख्खी नळी काढून, हवा मारून, साफ करून बसवली होती. काही उपयोग झाला नाही. त्यानं पुन्हा झाकणाला कान लावला, पुन्हा म्हणाला, “वाजतोय की पंप,” आणि दमून तिथंच दारात बसला. मी चहा ओतला. आम्ही एका पायरीवर बसलो होतो, मधे वीतभर जागा ठेवून, आणि ती जागा दोघांनाही जाणवत होती.

“तू नेहमी रेडिओ लावून का ठेवतोस?” मी विचारलं. “ऐकत तर नसतोस.”

“झोपतानाही लावतो. मला शांतता सोसत नाही.” तो कपात बघत होता. “शांततेत फार आवाज असतो... नाही का? एक बारीक गुणगुण. तुला नाही येत?”

मला सगळं कळलं, तिथल्या तिथं. असे किती लोक माझ्या त्या खोलीत बसून गेलेत. वर्षानुवर्षं हातोडे, ग्राइंडर, उघडी इंजिनं. मग वरचे बारीक सूर जातात आणि त्यांच्या जागी कानातच एक सूर वाजत राहतो. त्याला पंप ऐकू येत नव्हता. त्याला त्याचा स्वतःचा कान ऐकू येत होता.

शब्द अगदी जिभेवर आले होते. तेवढ्यात फाटकातून एक पांढरी व्हॅन आत आली. बेकरीवाले काका, त्याचे जुने गिऱ्हाईक. ‘पुढच्या चाकातून काहीतरी आवाज येतोय, बघ जरा’ म्हणाले. तो त्यांच्यासोबत एक चक्कर मारून आला. व्हॅन माझ्यासमोरून वळली तेव्हा मला ऐकू आलं, चिरचिर, बारीक, काचेवर खिळा ओढल्यासारखं.

“काही नाही काका,” तो उतरत म्हणाला. “टायर झिजलेत, त्यांचाच आवाज. बिनधास्त चालवा.”

काका हात हलवून गेले. मी कप विसळत उभी होते.

आता मी बोलायला हवं होतं. मी वेडी नव्हते, मला दिसत होतं की बोलायला हवं. पण तो माझ्याकडे वळला, हात पुसले आणि म्हणाला, “गाडी चालू झाली की तू यायची बंद होशील, म्हणून ती रुसलीय असं मला वाटायला लागलंय.” त्याचे कान लाल झाले होते. आणि मी ठरवलं, पुढच्या शनिवारी सांगू. एक शनिवार मला आणखी हवा होता. एवढंच. आयुष्यात मी इतकी हावरट कधी झाले नव्हते.

मंगळवारी दुपारी बेकरीवाल्या काकांना आमच्याच इस्पितळात आणलं. पुढचं चाक निखळलं होतं, व्हॅन भिंतीवर गेली होती. डावा पाय दोन ठिकाणी मोडलेला. स्ट्रेचरवरून जाताना ते बडबडत होते, “त्यानं तर बिनधास्त चालवा सांगितलं होतं...”

बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि गॅरेजवर गेले. शेडमध्ये काम चालू नव्हतं. तो माझ्या गाडीला टेकून जमिनीवर बसला होता, समोर व्हॅनच्या चाकाचं निखळलेलं बेअरिंग ठेवलेलं. रेडिओ चालू होता.

“हे ओरडत असणार,” तो बेअरिंगकडे बोट करून म्हणाला. “आठवडाभर तरी ओरडत असणार. मी शेजारी बसून गेलो आणि मला कळलं नाही. माझा कान असा कसा चुकला?”

मी रेडिओ बंद केला.

“पंप वाजत नाहीये,” मी म्हणाले. “माझ्या गाडीचा. पहिल्या दिवसापासून वाजत नाहीये.”

“काहीतरीच काय. मी स्वतः ऐकलाय.”

“कान लावू नकोस. हात लाव.”

तो उठला. सीट उचललं, झाकण काढलं, आत हात घातला आणि तळवा पंपावर ठेवला. मी पुढं बसून किल्ली अर्धी फिरवली. तो ऐकत होता. मला आरशातून त्याचं कपाळ दिसत होतं.

“वाजतोय,” तो म्हणाला. मग हळू, “पण... थरथरत नाहीये. हाताला काहीच लागत नाहीये.”

मी आवाज न करता किल्ली मागं फिरवली.

“किल्ली बंद कर.”

“केली.”

“बंद कर ना.”

“केलीय रे. केव्हाच केलीय.”

तो तसाच ओणवा राहिला, हात पंपावर, डोळे मिटलेले. मग त्यानं दोन्ही कान तळव्यांनी झाकले, उघडले, पुन्हा झाकले. मला त्या क्षणी त्याच्याजवळ जायचं होतं, आणि मला किल्लीवरचा हात हलवता येत नव्हता.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, जसं मी रोज सांगते, सावकाश, सोप्या शब्दांत. तो मान हलवत होता. मग त्यानं विचारलं, “तुला कधी कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. एक ‘आत्ताच’ म्हटलं असतं की काम झालं असतं.

“पहिल्या शनिवारी शंका आली. तू ‘ऐकलंत?’ विचारलंस, मी हो म्हटलं. मला ऐकू आलं नव्हतं. आणि गेल्या शनिवारी, रेडिओचं बोललास तेव्हा... खात्री झाली.”

“गेल्या शनिवारी. काका यायच्या आधी.”

“हो.”

“त्यांची व्हॅन... ऐकलीस तू?”

“ऐकली. चिरचिर होती.”

मीच बोलत सुटले, आसवं गिळत, काय बोलतेय ते न कळता. “गाडी चालू झाली असती तर मी इथं कोणत्या निमित्तानं आले असते? मला शनिवार हवा होता. मला तू हवा होतास... हवा आहेस. सांगितलं असतं तर तुझा चेहरा पडला असता, आणि मला तो बघवला नसता. मी चुकले. फार चुकले.”

“मलाही तू हवी होतीस,” तो म्हणाला. अगदी साधेपणानं, बेअरिंग उचलून हातात फिरवत. “येत्या शनिवारी विचारणार होतो. चार दिवस आरशासमोर घोकत होतो.”

मग त्यानं बेअरिंग खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी नवा पंप आणून बसवला, ड्रॉवरमधून गेज काढून जोर मोजला, आणि मला फोन करून गाडी न्यायला बोलावलं. एका सेल्फमध्ये पेटली. तो बॉनेटवर तळवा ठेवून उभा होता. आम्ही दोघंही हसलो नाही.

त्यानंतर गॅरेज बंदच राहिलं. काकांचा पाय बरा होईपर्यंत त्यांच्या पावाच्या फेऱ्या तो करतोय असं कळलं. रोज चारच्या सुमाराला तो त्यांना भेटायला इस्पितळात यायचा, जिन्यानं वर जायचा, जिन्यानं खाली. माझी खोली जिन्याच्या डाव्या हाताला आहे.

महिन्याभरानं त्यानं कान तपासायला वेळ घेतली. आमच्या वरिष्ठ मॅडमची घेतली. नोंदणीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “ते म्हणाले, तुम्ही नको. काही भांडण झालंय का गं?” मी नाही म्हटलं.

तपासणी झाली, मॅडमनी फाईल जागेवर ठेवायला माझ्याकडे दिली आणि मी ती घेऊन बाहेर आले तर तो बाकावर बसला होता. जाऊ शकला असता, पण थांबला होता. दुपारी उशिराची वेळ, कॉरिडॉर रिकामा. मी शेजारी बसले.

“बारीक आवाज सगळे गेलेत म्हणे,” तो म्हणाला. “बोलणं शाबूत आहे. म्हणजे माणसांशी चालेल, गाड्यांशी नाही.”

“पुढे काय करशील?”

“काकांचं प्लॅस्टर निघालं की उस्तादांच्या गावी जाईन. थोडे दिवस तरी. त्यांना सांगायचंय की गेज वाईट नसतं.” जरा थांबून त्यानं विचारलं, “आई काय म्हणतायत? गाडी?”

“चालतेय. आई खूश आहे.” मग मला राहवलं नाही. “माझ्यावर रागावलायस?”

“नाही गं. राग आला होता, तो गेला. काकांचा पाय माझ्या चुकीनं मोडला, तुझ्या नाही. मी माझ्या मनाला हे पन्नास वेळा सांगितलंय.” तो हातांकडे बघत होता. हात आता स्वच्छ होते, आणि मला ते ओळखीचे वाटेनात. “पण आता मला जे ऐकू येत नाही, ते दुसऱ्या कुणीतरी ऐकून मला सांगायला हवं. दूध उतू जातंय, दार वाजतंय, चाक ओरडतंय. आणि तू शेजारी गप्प बसलीस, की मला वाटत राहणार... हिला काहीतरी ऐकू येतंय आणि ही सांगत नाहीये. जन्मभर वाटत राहणार. ते तुझ्यावर अन्याय करणारं होईल.”

“मी सांगेन. यापुढे सगळं सांगेन.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “तू सांगशील. विश्वास मला ठेवायचाय, आणि तो मला जमत नाहीये. बघ ना, प्रयत्न करतोय, पण...”

त्यानं वाक्य तिथंच सोडलं. उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं, ठेवला नाही, आणि निघाला.

तो आठ-दहा पावलं गेला असेल. मी हाक मारली. मोठ्यानं नाही, घरात मारतात तशी.

“ऐक ना...”

त्याचं एक पाऊल अडखळलं. मग तो तसाच चालत गेला, जिन्यापर्यंत, आणि खाली उतरला.

फाईल माझ्या मांडीवर होती. मी ती उघडून आलेख बघितला. उजवीकडे, बारीक सुरांच्या बाजूला, रेघ खोल खाली गेलेली होती, डावीकडे, माणसांचे आवाज जिथं असतात तिथं, ती सरळ, चांगली होती. रिकामा कॉरिडॉर, दहा पावलांचं अंतर, बाईचा नेहमीचा आवाज. मला कितीदा तरी वाटलं की आलेख वाचण्यात माझी चूक होत असेल. पण हे माझं रोजचं काम आहे.

त्याला ऐकू गेलं होतं.